प्लाझ्मा यंत्रातलं इन्सुलेशन: नाशिकच्या वर्कशॉपमधून सुरुवात करणाऱ्यांसाठी

सातपूर, अंबड, सिन्नर या पट्ट्यात इन्सुलेशन नवीन नाही. ट्रान्सफॉर्मर, स्विचगिअर आणि मोटर रिवाइंडिंगवर इथली किती तरी घरं उभी राहिली. हाफ लॅप टेप कशी ओढायची, व्हर्निश मारलेलं वाइंडिंग ओव्हनमध्ये किती वेळ ठेवायचं, मेगरचं, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या यंत्राचं, रीडिंग कुठे आलं की काम परत घ्यायचं, हे इथल्या कारागिरांना पाठ आहे. म्हणूनच फ्यूजन, म्हणजे अणुकेंद्रं जोडून ऊर्जा मिळवण्याच्या, संशोधनाच्या यंत्रांची कामं नाशिकने घ्यावीत असं मला मनापासून वाटतं. गांधीनगरजवळ भाट इथे प्लाझ्मा संशोधन संस्था आहे. आदित्य टोकामॅक, म्हणजे प्लाझ्मा (वीज वाहून नेणारा तापलेला वायू) चुंबकांनी कोंडून ठेवणारं कड्याच्या आकाराचं यंत्र, तिथे १९८९ पासून आहे, अतिवाहक, म्हणजे खूप थंडीत रोध न उरणाऱ्या, चुंबकांचा एसएसटी-१ तिथेच आहे, आणि फ्रान्समध्ये उभ्या राहणाऱ्या ईटर या आंतरराष्ट्रीय फ्यूजन प्रकल्पातलं भारताच्या वाट्याचं कामही तिथूनच सांभाळलं जातं. नाशिकहून तिथे एका रात्रीत पोचता येतं.

पण त्यासाठी एक सवय मोडावी लागते. हवेत आणि तेलात काम केलेला माणूस धरून चालतो की अंतर वाढवलं की धोका कमी झाला, आणि टेपचे थर वाढवले की काम पक्कं झालं. प्लाझ्मा यंत्रात हे दोन्ही हिशेब कधी कधी उलटे पडतात. इथे इन्सुलेशन बहुतेक वेळा दोन ठिकाणी दगा देतं: दाब ना पूर्ण वातावरणाचा ना चांगल्या व्हॅक्यूमचा, अशा मधल्या टप्प्यात, आणि टेप जिथे संपते तिथे.

जपानमध्ये नाका इथे जेटी-६०एसए नावाचा मोठा अतिवाहक टोकामॅक आहे. मार्च २०२१ मध्ये त्याच्या चाचण्या चालू असताना ईएफ-१ या कॉइलच्या जोडापाशी शॉर्ट झाला, ठिणगी पेटली आणि हेलियम क्रायोस्टॅटमध्ये, म्हणजे कॉइल थंड ठेवणाऱ्या व्हॅक्यूम पात्रात, शिरला. कॉइलचं मुख्य वाइंडिंग शाबूत होतं. कमी पडलं ते जोडावरचं, मोजमापाच्या तारा बाहेर पडतात त्या भागातलं इन्सुलेशन. दुरुस्ती, जागोजागी इन्सुलेशन वाढवणं आणि कमी दाबातल्या चाचण्या यांत काळ गेला आणि पहिला प्लाझ्मा ऑक्टोबर २०२३ मध्ये निघाला. कोपरभर लांबीच्या भागाने अख्खं यंत्र अडीच वर्षं थांबवून ठेवलं. खालच्या सगळ्या पायऱ्या हे प्रकरण डोळ्यांसमोर ठेवून लिहिल्या आहेत.

उदाहरणासाठी कॉलेजच्या प्रयोगशाळेत बसेल असं यंत्र धरू: ३० सेंटीमीटर व्यासाचं स्टेनलेसचं चेंबर, रोटरी पंप, आर्गॉन किंवा साधी हवा, आणि आत ५ किलोव्होल्टपर्यंत नेता येईल असा कॅथोड, म्हणजे ऋण इलेक्ट्रोड. ड्यूटेरियमचा, म्हणजे जड हायड्रोजनचा, विचार सध्या बाजूला ठेवा. त्यात न्यूट्रॉन निर्माण होऊ शकतात आणि त्यासाठी अणुऊर्जा नियामक मंडळाची, म्हणजे एईआरबीची परवानगी लागते. आणखी एक गोष्ट आधीच सांगतो. ५ किलोव्होल्टचा सप्लाय जीव घेऊ शकतो. मार्गदर्शक शेजारी उभे नसतील, तर यातलं काहीही चालू करू नका.

पहिली पायरी: व्होल्टेजचा नकाशा काढा

कागदावर यंत्रातला धातूचा प्रत्येक तुकडा काढा. दोन शेजारच्या तुकड्यांत नेहमीच्या वेळी किती व्होल्ट आणि बिघाडाच्या क्षणी किती, असे दोन आकडे लिहा. दुसरा आकडाच डिझाइन ठरवतो. ईटरच्या १८ टॉरॉइडल कॉइलमधून ६८ किलोअँपिअर प्रवाह वाहायचा आहे. तो स्थिर असताना कॉइलवर जवळजवळ व्होल्टेज नसतं, कारण अतिवाहकाला रोध नाही. पण अतिवाहकता कुठे तुटली, की सगळ्या १८ कॉइलमध्ये मिळून साठलेली ४१ गिगाज्यूल ऊर्जा झटपट बाहेरच्या रोधकांमध्ये काढावी लागते आणि त्या काही सेकंदांत कॉइलच्या टोकांवर काही किलोव्होल्ट येतात. वर्षभर शांत राहणारं इन्सुलेशन त्या सेकंदांसाठी बनवायचं असतं.

आपल्या छोट्या यंत्रातही तेच. सप्लाय ५ किलोव्होल्टचा असला, तरी प्लाझ्मा अचानक विझला की चोकमुळे किती उसळी येते ते मोजा किंवा हिशेबाने काढा. नकाशात पंपाची नळी, गेजची बॉडी, थंड पाण्याचा पाइप आणि केबलचं आर्मर हेही धरा.

दुसरी पायरी: पाशेनच्या आलेखावर आपली जागा शोधा

ही पायरी घाईने करू नका. सगळं यंत्र हिच्यावर उभं आहे.

फ्रेडरिक पाशेन यांनी १८८९ मध्ये दाखवलं, की वायूत ठिणगी पडायला लागणारं व्होल्टेज दाब आणि अंतर यांच्या गुणाकारावर ठरतं. हवेसाठी हा गुणाकार सुमारे ०.७५ मिलिबार-सेंटीमीटर झाला की ठिणगीला सगळ्यात कमी व्होल्टेज पुरतं: जेमतेम ३३० व्होल्ट. आर्गॉनमध्ये हा तळ १४० च्या आत आहे, हेलियममध्ये १६० च्या आत. म्हणजे घरातल्या सॉकेटवर जेवढं व्होल्टेज असतं, तेवढं आर्गॉनमध्ये प्लाझ्मा पेटवायला पुरेसं आहे.

आता हिशेब करा. दाब ०.१ मिलिबार असेल, तर हवेसाठी सगळ्यात वाईट अंतर साडेसात सेंटीमीटर येतं. दाब १ मिलिबार असेल, तर साडेसात मिलिमीटर. ०.१ मिलिबारला कॅथोडची दांडी आणि अर्थ केलेली नळी यांत २ मिलिमीटर अंतर ठेवलं, तर इलेक्ट्रॉनला वाटेत पुरेसे अणू भेटतच नाहीत आणि ठिणगी पडत नाही. तिथेच 'सुरक्षित असावं' म्हणून १० सेंटीमीटर मोकळी जागा सोडली, की डिस्चार्ज नेमका त्या जागेत, कॅथोडच्या मागच्या अंगाला पेटतो. पुढे प्लाझ्मा हवा असतो आणि मागचा फ्लँज चमकत राहतो. नवीन टीमच्या यंत्रात मी पहिल्यांदा हेच बघतो.

उपाय साधा आहे. फीडथ्रूपासून (चेंबरच्या भिंतीतून व्होल्टेज आत नेणाऱ्या इन्सुलेटेड जोडापासून) कॅथोडपर्यंत पूर्ण दांडीभोवती स्टेनलेसची अर्थ केलेली नळी बसवा आणि मधली फट सगळीकडे २ मिलिमीटरच्या आसपास ठेवा. नळीचं टोक लेथवर गोल करून घ्या. दांडी लांब असेल, तर मध्ये सिरॅमिकची कडी घाला, नाही तर तापल्यावर ती वाकते आणि एका बाजूची फट मिटते.

पण ही २ मिलिमीटरची फटही ४ मिलिबारला थेट तळाच्या जवळ येते. पंप चालू केल्यावर दाब वातावरणापासून खाली येताना या प्रत्येक आकड्यातून जाणारच. म्हणून पिरानी गेजचा (तापलेल्या तारेने दाब मोजणाऱ्या मापकाचा) रिले हाय व्होल्टेजच्या काँटॅक्टरला जोडा आणि दाब ०.५ मिलिबारच्या खाली गेल्याशिवाय सप्लाय चालूच होणार नाही असं इंटरलॉक करा. इथे एक खाचखळगा आहे. पिरानी गेज साधारणपणे नायट्रोजनवर कॅलिब्रेट केलेलं असतं, आणि आर्गॉनचा दाब ते खऱ्यापेक्षा कमी दाखवतं. आर्गॉन वापरणार असाल, तर सेट पॉइंट आणखी खाली घ्या.

चेंबरच्या बाहेरचा हिशेब आपल्या ओळखीचा आहे, फक्त नाशिक लक्षात ठेवा. आपण समुद्रसपाटीपासून जवळपास ६०० मीटरवर आहोत, त्यामुळे हवेची घनता आणि तिची टिकण्याची ताकद मुंबईपेक्षा साधारण ७ टक्के कमी. पावसाळ्यात अंबडच्या शेडमध्ये फीडथ्रूवर धूळ बसते, ती ओलसर होते आणि पृष्ठभागावरून गळती सुरू होते. बाहेरच्या बाजूला अंतर भरपूर ठेवा आणि रोज सकाळी सिरॅमिक कोरड्या कापडाने पुसा.

तिसरी पायरी: माल निवडा

हायलम शीट बाजारात सहज मिळते, म्हणून ती चेंबरमध्ये घालायचा मोह होतो. घालू नका. तिच्यातून वायू निघत राहतो आणि ठिणगी लागली की तिच्यावर कार्बनची वाट पडते. नायलॉन पाणी पितं. टेफ्लॉन छोट्या प्रयोगात चालतं, पण दाबाखाली हळूहळू पसरतं आणि किरणोत्सारात सगळ्यात आधी हार मानतं, त्यामुळे मोठ्या यंत्राच्या ड्रॉइंगमध्ये ते सुचवू नका. प्लाझ्माच्या नजरेला पडणाऱ्या जागी अॅल्युमिना सिरॅमिक वापरा. लेथवर स्वतः आकार द्यायचा असेल, तर मशीन करता येणारं काच-सिरॅमिक, म्हणजे मॅकोर घ्या. ते महाग आहे, पण साध्या कार्बाइड टूलने कापलं जातं आणि पुन्हा भट्टीत घालावं लागत नाही. प्लाझ्मापासून दूर, कॉइल आणि फ्लँजसाठी ग्लास-इपॉक्सी आणि पॉलिइमाइड फिल्म.

न्यूट्रॉन असतील तिथे आणखी एक अट येते. नेहमीच्या ई-ग्लासमध्ये बोरॉन असतं. बोरॉन न्यूट्रॉन गिळतं आणि त्या जागी हेलियम आणि लिथियम उरतं, त्यामुळे धाग्याभोवतीचं रेझिन आतून खराब होतं. म्हणून तिथे बोरॉन नसलेली काच मागतात. अशा कामाचं कोटेशन देताना ग्लास टेपचा प्रकार विचारून घ्या. 'ग्लास टेप' एवढंच लिहून भागत नाही.

चौथी पायरी: धातू, सिरॅमिक आणि व्हॅक्यूम जिथे भेटतात

या जागेला ट्रिपल जंक्शन म्हणतात. सिरॅमिक आणि धातू यांच्यात केसाएवढी फट राहिली, तरी सगळं विद्युतक्षेत्र त्या फटीत एकवटतं, कारण अॅल्युमिनाचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक ९ ते १० आहे आणि फटीचा १. तिथून इलेक्ट्रॉन सुटतात, सिरॅमिकवर आपटतात, प्रत्येक आपटीला आणखी इलेक्ट्रॉन निघतात आणि पृष्ठभागावरून फ्लॅशओव्हर होतो. सिरॅमिक आतून फुटत नाही, ठिणगी त्याच्या अंगावरून धावते.

कॅथोडकडचं ट्रिपल जंक्शन धातूच्या गोल ओठाआड लपवा. ओठ सिरॅमिकवर १ ते २ मिलिमीटर पुढे यावा, म्हणजे फटीतलं क्षेत्र पडतं. सिरॅमिकचं टोक लॅपिंग करून सपाट करा. ब्रेझ केलेला फीडथ्रू मिळत असेल तर तोच घ्या, त्यात फट राहत नाही. स्वच्छ व्हॅक्यूममध्येही मी सरळ पृष्ठभागावर दर मिलिमीटरला १ किलोव्होल्टच्या वर जात नाही, आणि जवळ प्लाझ्मा असेल तर त्याच्याही चौथाईवर थांबतो. म्हणजे ५ किलोव्होल्टसाठी २० मिलिमीटर.

आता सावलीची खाच. प्लाझ्मातले आयन कॅथोडवर आपटतात आणि धातूचे अणू उडवतात. ते सरळ रेषेत जाऊन सिरॅमिकवर बसतात. काही दिवसांत पांढऱ्या सिरॅमिकवर राखाडी झाक येते, आणि ही झाक म्हणजेच धातूचा थर. कितीही चांगलं सिरॅमिक असो, त्याच्या अंगावरून तार ओढल्यासारखं होतं. हे थांबवायला सिरॅमिकवर पूर्ण गोल खाच पाडा: रुंदी दीड ते दोन मिलिमीटर, खोली रुंदीच्या किमान अडीचपट, आणि जमल्यास आतल्या बाजूला थोडी वळवलेली. तिच्या तळाला तिरक्या दिशेने सरळ नजर पोचत नाही, म्हणून थर तिथे तुटतो. मॅकोरमध्ये ही खाच इथला कुठलाही चांगला टर्नर पाडून देईल. मात्र टूलला धार हवी आणि कापताना भरपूर पाणी.

सफाईतल्या बारीक गोष्टी सोडू नका. सिरॅमिकवर पेन्सिलने खूण करू नका, ग्रॅफाइट वीज वाहून नेतं. स्टीलचा चिमटा घासला तरी सिरॅमिकवर करडी रेघ उमटते, म्हणून प्लॅस्टिकचा चिमटा वापरा. भाग अॅसिटोनने, मग आयसोप्रॉपिल अल्कोहोलने धुवा, १५० अंशांवर भाजा आणि त्यानंतर फक्त ग्लोव्ह्ज घालून हाताळा.

पाचवी पायरी: फ्लँजमधली तोड आणि प्रत्येक बोल्ट

टोकामॅक बनवणाऱ्यांसाठी ही पायरी सगळ्यात किचकट. ट्रान्सफॉर्मरवाल्यांना मात्र ती लगेच कळते. मधला सोलेनॉइड प्रायमरी, प्लाझ्मा एका वेढ्याचं सेकंडरी. पण प्लाझ्माभोवतीचं धातूचं पात्रही एक वेढाच आहे, आणि तो शॉर्ट केलेला. ईटरमध्ये प्लाझ्मा पेटवायला मीटरला सुमारे ०.३ व्होल्ट पुरतील असं धरलं आहे. ६.२ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर हे जेमतेम १२ व्होल्ट होतात. व्होल्टेज किरकोळ, पण पात्राचा रोध १ मिलिओहम असेल, तर १२ किलोअँपिअर त्यातूनच वाहतील. मोठ्या यंत्रांत पात्र अखंड ठेवून हा प्रवाह हिशेबात धरतात. छोट्या यंत्रांत बहुधा पात्राला तोड देतात, म्हणजे दोन फ्लँजमध्ये इन्सुलेशनची चकती घालतात.

चकतीपेक्षा बोल्टच जास्त त्रास देतात. दोन फ्लँज जोडणारे सगळे बोल्ट एकमेकांना समांतर असतात. त्यातला एक जरी टेकला, तरी तोड नावापुरती उरते. प्रत्येक बोल्टवर ग्लास-इपॉक्सीचं बुश आणि दोन्ही बाजूंना त्याच मालाचे वॉशर लावा. बुशचं टोक वॉशरच्या आतल्या खाचेत किमान १ मिलिमीटर घुसलं पाहिजे, नुसतं टेकून चालत नाही. टेकलेल्या सांध्यात बारीक किस अडकला की बोल्ट आणि फ्लँज एक होतात. बोल्ट घट्ट करताना पान्हा फ्लँजच्या कडेला घासतो आणि स्टेनलेसचा किस तिथेच पडतो, म्हणून हातात ब्रश आणि व्हॅक्यूम क्लीनर ठेवा.

काम असं करा. एक बोल्ट बसवा, टॉर्क रेंचने आवळा, ५०० व्होल्ट मेगरने तो बोल्ट दोन्ही फ्लँजशी तपासा, रीडिंग लिहा, मगच पुढचा घ्या. सगळे आवळून शेवटी एकदा मेगर मारला आणि शून्य आलं, तर सगळे उघडावे लागतात. बोल्ट चांगले असूनही रीडिंग पडलं, तर तांब्याची पाण्याची नळी, पंपाचं बेलोज आणि गेजची अर्थिंग बघा. एवढ्यांपैकी एकाने तोड ओलांडलेली असते. पाण्याच्या नळीत रबरी होजचा लांब तुकडा घाला आणि डीआयोनाइज्ड पाणी वापरा.

सहावी पायरी: कॉइल

वाइंडिंग आणि टेपिंग नाशिकच्या हातांना सांगायची गरज नाही. व्हीपीआयमध्ये, म्हणजे व्हॅक्यूममध्ये रेझिन मुरवून दाब देण्याच्या कामात, मात्र फरक आहे. रेझिनमध्ये राहिलेल्या बुडबुड्याला इपॉक्सीपेक्षा जवळजवळ चौपट विद्युतक्षेत्र सोसावं लागतं. आत वायू असतो, तो फुटतो आणि रेझिन हळूहळू खातो. म्हणून कॉइल आधी १०० ते ११० अंशांवर अनेक तास भाजा, चेंबर १ मिलिबारच्या खाली न्या, रेझिन वेगळ्या भांड्यात व्हॅक्यूमखाली उकळून वायूमुक्त करा, आणि ते खालच्या बाजूने सावकाश आत घ्या. वरच्या पारदर्शक नळीतून बुडबुडे येणं पूर्ण थांबेपर्यंत थांबा, मग दाब द्या. पावसाळ्यात ग्लास टेप उघडी ठेवू नका, सिलिका जेलच्या डब्यात ठेवा.

कॉइल थंडीत चालणार असेल, तर आकुंचनाचा विचार करा. खोलीच्या तापमानापासून ४ केल्विनपर्यंत जाताना तांबं आणि स्टेनलेस साधारण ०.३ टक्के आकसतात, साधं इपॉक्सी १ टक्क्याहून जास्त. नुसतं रेझिन साचलेला कोपरा हमखास तडकतो, म्हणून प्रत्येक पोकळीत काच भरा. ईटरच्या टॉरॉइडल कॉइलसाठी काच, पॉलिइमाइड आणि सायनेट एस्टर-इपॉक्सीचं मिश्रण निवडलं ते आकुंचन आणि किरणोत्सार दोन्ही सोसण्यासाठी. आपल्याला द्रव हेलियम मिळणार नाही, पण द्रव नायट्रोजन मिळतो. कृत्रिम रेतनाचे नमुने त्यातच ठेवतात, त्यामुळे आपल्या जिल्ह्यात तो पुरवणारे आहेत. ७७ केल्विनपर्यंतच एकूण आकुंचनाचा बहुतांश भाग होऊन जातो. नमुना तुकडा काही वेळा बुडवून काढा, मग मेगर आणि हायपॉट (जास्त व्होल्टेजची चाचणी) करा. खोलीला खिडकी उघडी हवी, कारण नायट्रोजन ऑक्सिजनची जागा घेतो.

सर्वात जास्त वेळ जोडावर द्या. मोजमापाची तार टेपच्या थरांतून जिथे बाहेर येते तिथे टेपचे थर सरळ कापलेले नसावेत. उताराने, एकावर एक सरकवून कमी करत न्या आणि तारेवरही तीच टेप काही अंतर चढवा. बोटांनी दाबून बघा, पोकळ वाटलं की उघडा. जेटी-६०एसएला हीच जागा नडली होती.

सातवी पायरी: चाचणी, आणि कमी दाबातली चाचणी

क्रम आपल्या मोटरसारखाच: डोळ्यांनी तपासणी, मेगर, १० मिनिटांच्या आणि १ मिनिटाच्या रीडिंगचं गुणोत्तर, मग कामाच्या व्होल्टेजच्या दुप्पट अधिक १००० व्होल्ट हायपॉट. एवढ्यावर थांबलात, तर टेपमधलं बारीक भोक सापडणार नाही. वातावरणाच्या दाबात तिथली हवा व्होल्टेज झेलते, चांगल्या व्हॅक्यूममध्ये काहीच घडत नाही. ते भोक फक्त मधल्या दाबाला बोलतं.

म्हणून जोडाचा नमुना बेल जारमध्ये ठेवा, ०.००१ मिलिबारपर्यंत पंप करा, चाचणीचं व्होल्टेज चढवा, सप्लायचा प्रवाह १ मिलिअँपिअरला मर्यादित करा आणि नीडल व्हॉल्व्हने वायू अगदी हळू आत सोडा. वातावरणाच्या दाबापर्यंत जा, मग हेच हेलियम घेऊन पुन्हा करा. खोली अंधारी करा आणि कॅमेरा लावा. गळकी जागा जांभळट ठिपक्याने स्वतःला दाखवते. तिथे खूण करा, उघडा, परत टेप करा, परत चाचणी.

चाचणी झाल्यावर तांबं लगेच हाताला लावू नका. डीसी हायपॉटनंतर इन्सुलेशनमध्ये शोषलेला चार्ज हळूहळू परत वर येतो, म्हणून अर्थ रॉड किमान चाचणीच्या चौपट वेळ लावून ठेवा. कपॅसिटर बँकेला वेगळी शिस्त हवी. ५० मायक्रोफॅरड १० किलोव्होल्टला चढवले, तर त्यात अडीच किलोज्यूल साठतात. आधी रोधकातून डिस्चार्ज करा, मग थेट अर्थ करा आणि काम संपेपर्यंत टोकं तारेने जोडलेली राहू द्या. पुढे व्होल्टेज वाढवून १० ते १५ किलोव्होल्टच्या वर गेलात, तर व्हॅक्यूममध्ये मऊ क्ष-किरण तयार होऊ लागतात. काचेच्या खिडकीसमोर डोळा लावून बसू नका, कॅमेरा लावा आणि किरणोत्सार मापकाने तपासून घ्या.

चेंबर पहिल्यांदा चालवताना १०० किलोओहमचा रोधक मालिकेत ठेवा आणि व्होल्टेज टप्प्याटप्प्याने चढवा. सुरुवातीच्या छोट्या ठिणग्या इलेक्ट्रोडवरची सूक्ष्म टोकं जाळून टाकतात, मग त्या कमी होतात. कमी होण्याऐवजी वाढत गेल्या, तर बंद करून उघडा.

त्यानंतर चेंबर उघडाल तेव्हा दर वेळी फीडथ्रूचं मेगर रीडिंग तारीख, दाब आणि हवेतल्या आर्द्रतेसकट वहीत लिहा. रीडिंग मागच्यापेक्षा दहापटीने घसरलं, तर आधी सिरॅमिक काढून सावलीची खाच बघा. झाक खाचेच्या कडेपर्यंतच असेल, तर बारीक अॅल्युमिना ग्रिटने ब्लास्ट करून, धुऊन, भाजून तेच सिरॅमिक परत बसवता येतं. झाक खाचेच्या तळापर्यंत पोचली असेल, तर पुढच्या वेळी खाच आणखी खोल पाडा. आणि सिरॅमिकवर केसासारखी काळी रेघ दिसली, तर ते परत वापरू नका, नवीन घ्या.